बारा नद्यांची वाट

भाद्रपद महिना जवळ आला, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाचे चित्त कामावर ठरत नाही. तो कचेरीत असो, कारखान्यात असो, की दुकानात असो, त्याचे मन केव्हाच आपल्या गावच्या अंगणात जाऊन बसलेले असते. पोटासाठी मुंबईस गेलेल्या अशा माणसाला कोकणात ‘चाकरमानी’ म्हणतात. चाकरमानी गणपतीला घरी आला नाही, तर गावातले लोक त्याच्या म्हाताऱ्या आईला विचारतात, “यंदा काय झालं?” आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणे त्या माऊलीला फार जड जाते.

आमच्या आजीला हे उत्तर दोन वर्षे द्यावे लागले होते.

राजापूरच्या पलीकडे, हमरस्त्यापासून आत, आमचे गाव आहे. तेथे आजी व थोरले काका राहत. घरामागील आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून काका आणि बाबा यांच्यात बोलाचाली झाली होती, आणि तेव्हापासून आम्ही गणपतीला गेलो नव्हतो. “रजा मिळत नाही,” असे बाबा सांगत. रजा खरोखरच मिळत नव्हती, असे मला त्या वयातही वाटत नसे.

मी सहावीत होतो, ते वर्ष २०१६ चे. २ ऑगस्टच्या रात्री महाबळेश्वराच्या डोंगरावर मुसळधार पाऊस कोसळला आणि तेथे उगम पावणाऱ्या सावित्री नदीला मोठा पूर आला. महाडजवळ या नदीवर १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. रात्रीच्या अंधारात तो पुरात वाहून गेला. मुंबईकडे येणाऱ्या दोन एस.टी. गाड्या व एक लहान मोटार नदीत पडली आणि चाळीसच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. जवळच गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या ध्यानात हा प्रकार आला. त्याने धावत जाऊन मागून येणारी वाहने थांबविली, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

त्या दोन गाड्यांपैकी एक राजापूरहून निघालेली होती.

सकाळी ही वार्ता ऐकताच बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या आठवड्यात काका काही कामासाठी मुंबईस येणार आहेत, असे आईने कोणाकडून तरी ऐकले होते. बाबांनी फोन हाती घेतला. दोन वर्षांत त्यांनी तो क्रमांक लावला नव्हता. पण तो शोधावा लागला नाही, त्यांना पाठ होता. बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग पलीकडून आवाज आला.

“दादा, घरीच आहेस ना?” बाबांनी विचारले.

“आहे. पावसामुळे निघालोच नाही.”

नंतर दोघेही काही क्षण बोलले नाहीत. शेवटी काका म्हणाले, “गणपतीला ये.” बाबा “हो” म्हणाले आणि फोन ठेवून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

त्या वर्षी गणेशचतुर्थी सोमवारी, ५ सप्टेंबरला होती. म्हणजे शनिवार, रविवार व सोमवार अशी सलग तीन दिवसांची सुट्टी आली होती. आमच्या वाडीतील मुंबईकरांनी मिळून एक एस.टी. गाडीच ठरविली होती. अशी गाडी एका वाडीच्या माणसांनी भरते आणि वाटेत उतारू न घेता थेट गावच्या फाट्यावर जाते. शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास आम्ही निघालो. गाडीत माणसांपेक्षा सामानच अधिक होते. माळा, झालर, झांजा, मृदंग आणि लहान मुलांचे नवे कपडे यांतून पाय ठेवण्यास जागा शोधावी लागत होती.

मला मात्र वेगळेच काम होते. मी लहान असताना आजीने मला या रस्त्यावरील मोठ्या नद्यांची नावे पाठ करविली होती: पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, काळ, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी आणि अर्जुना. एकूण बारा. कोकणचा नकाशा काढून पाहा, म्हणजे यातले मर्म कळेल. पूर्वेस सह्याद्री आणि पश्चिमेस समुद्र. या दोहोंमधली भूमी चिंचोळी. तीवर वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि ते सारे पाणी डोंगरावरून उतरून पश्चिमेकडे धाव घेते. आपला रस्ता मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. म्हणून प्रत्येक नदी त्याला आडवी येते आणि प्रत्येकीवर पूल बांधावा लागतो. आजी म्हणत असे, “बारा जणींनी वाट दिली, तर माणूस घरी पोहोचतो.”

पाताळगंगा ओलांडून पेण येईपर्यंत सारे ठीक चालले होते. पेणला गणपतीच्या मूर्ती घडविणारे किती तरी कारखाने आहेत, आणि तेथल्या मूर्ती दूरदूरच्या गावी जातात. पेणच्या पुढे मात्र गाड्यांची रांगच रांग लागली. रस्ता रुंद करण्याचे काम २०११ सालापासून चालू होते. पावसाने जागोजागी खड्डे पडले होते. गाडी चार पावले चाले आणि उभी राही. लहान मुले रडू लागली. कोणी आरती म्हणू लागले, तर कोणी रस्ता करणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडू लागले.

माझ्या शेजारी वाडीतील एक वृद्ध आजोबा बसले होते. ते मात्र शांत होते. ते म्हणाले, “बाळ, आमच्या लहानपणी आम्ही आगबोटीने गावी जात असू. बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग अशी बंदरे घेत जाई. बंदराबाहेर ती उभी राही आणि आम्ही होडीत उतरून किनारा गाठत असू. पावसाळ्यात तर ती बंदच! खवळलेल्या समुद्रात बोट कोण घालणार? त्या मानाने हा खड्डा बरा. तो बुडवीत तरी नाही.” एवढे बोलून ते एकदम थांबले. बहुधा त्यांना सावित्री आठवली असावी.

उजाडता उजाडता आमची गाडी महाडच्या पुढे सावित्रीवर आली. पडलेल्या पुलाला लागूनच एक नवा पूल होता. वाहतूक त्यावरून चालू होती. चालकाने गाडी अगदी हळू केली. रात्रभर चाललेली बडबड आपोआप बंद पडली. डाव्या-उजव्या बाजूंचे सारे जण खिडक्यांशी लवले. जुन्या पुलाच्या दगडी कमानी काठापासून थोड्या पुढे आल्या होत्या आणि मध्येच संपल्या होत्या. खाली गढूळ पाणी संथपणे वाहत होते. त्याच पाण्याने महिन्यापूर्वी एवढा प्रलय केला असेल, हे पाहून खरे वाटत नव्हते. पुढच्या आसनावरील एका बाईने बाप्पासाठी आणलेल्या फुलांतली मूठभर फुले खिडकीतून नदीत टाकली. बाबांनी माझा हात घट्ट धरला होता. पूल संपून गाडी पलीकडच्या जमिनीवर आली, तरी त्यांनी तो सोडला नाही. (त्या जागी पुढे जून २०१७ मध्ये नवा पूल झाला. तो अवघ्या १६५ दिवसांत बांधला गेला.)

पोलादपूर सोडल्यावर कशेडीचा घाट लागला. आता या डोंगरातून बोगदा काढलेला आहे. तेव्हा मात्र वळणावळणांनी चढावे लागे. घाट उतरला, की रत्नागिरी जिल्हा. हिरवी भातखाचरे, बांधांवर डुलणारा तेरडा आणि कौलांतून निघणारा धूर पाहून आमच्या गाडीत नवे चैतन्य आले. खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, अशा नद्या मी बोटांवर मोजत गेलो. रात्रभर जागरण झाले होते; बावनदीनंतर डोळा केव्हा लागला, ते कळले नाही.

फाट्यावर गाडी थांबली, तेव्हा दिवेलागण झाली होती. नेहमी दहा-अकरा तासांत होणाऱ्या प्रवासास वीस तासांवर वेळ लागला होता. पाऊस भुरभुरत होता. छत्री आणि विजेरी घेऊन एक माणूस वडाखाली उभा होता. ते थोरले काका होते. दुपारपासून ते तेथेच उभे आहेत, असे मागाहून कळले.

बाबा खाली उतरून त्यांच्या पाया पडले. काकांनी त्यांच्या हातातली जड पिशवी घेतली आणि म्हणाले, “चल. माटवी अजून टांगायची आहे. दुसरं टोक धरायला माणूस नव्हतं.”

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगावयाची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीची शिपटी, आंब्याचे टाळे, कवंडळे बांधतात. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाजूस काका व दुसऱ्या बाजूस बाबा शिडीवर चढले. आजी खाली जमिनीवर बसून, “ती दोरी सैल आहे रे, थोरल्या,” “धाकट्या, तुझी बाजू खाली आली,” असे दोघांनाही बोलत होती. मी तिच्या मांडीला टेकून बसलो होतो.

“नद्या मोजल्यास का रे?” तिने मध्येच विचारले.

“मोजल्या. बारा.”

“काजळी पाहिलीस?”

मी खाली मान घातली. “तेव्हा मला झोप लागली होती. मुचकुंदीही गेली, आणि अर्जुनाही.”

“मग नऊच झाल्या,” आजी म्हणाली आणि वर पाहून पुन्हा ओरडली, “अरे, गाठ नीट मारा! दहा जणांचे नारळ टांगले आहेत तिला.”