पंप बिघडला की विहीर दमली?

आयर्लंडमध्ये शहराबाहेर घर घेतलं, की बऱ्याचदा नळाला सार्वजनिक योजनेचं पाणी नसतं. आवारातल्या बोअरवेलवर सगळं चालतं. तिची देखभाल आणि पाण्याची तपासणी ही घरमालकाची जबाबदारी. उन्हाळ्यात पाऊस ओढ देतो, हिरवळीवर स्प्रिंकलर सुरू होतो आणि धार बारीक होते किंवा पंप सारखा चालू-बंद होऊ लागतो. नवा पंप मागवण्याआधी दाबमापकाचा काटा पाहा. दोष पंपात आहे, टाकीत आहे की विहिरीत, हे बहुतेक वेळा तोच सांगतो.

आधी रचना समजून घेऊ. बोअरमध्ये खोलवर पाणबुडी पंप असतो. घराजवळ प्रेशर स्विच, दाबमापक आणि दाबाची टाकी असते. समजा, स्विच २ बारला पंप सुरू करतो आणि ३ बारला बंद. टाकीत रबरी पिशवीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पंप बंद असताना ही दाबलेली हवाच पाणी नळाकडे ढकलते.

हवा दाबली की तिचं आकारमान किती घटतं, याचा नियम १६६२ मध्ये रॉबर्ट बॉईल यांनी प्रसिद्ध केला. त्यांचा जन्म इथलाच, काउंटी वॉटरफर्डमधल्या लिस्मोरचा. तापमान तेच असेल, तर दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. मात्र हिशेबात वातावरणाचा १ बार मिळवावा लागतो. १०० लिटरच्या रिकाम्या टाकीत १.८ बार हवा भरली असेल, तर काटा २ वर असताना हवा सुमारे ९३ लिटर जागा व्यापते आणि ३ वर ७० लिटर. म्हणजे पंप पुन्हा सुरू होण्याआधी साधारण २३ लिटर पाणी मिळतं. हवा गळून ०.३ बार उरली, तर हेच पाणी ११ लिटरवर येतं. पिशवी फाटली, तर जवळजवळ शून्यावर.

आता काट्याकडे पाहू.

१. पाणी वापरताना काटा भराभर वर-खाली होतो, पंप मिनिटात अनेकदा सुरू होतो: संशय टाकीवर. पंपाची वीज बंद करा, नळ उघडून काटा शून्यावर आणा आणि टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हवर टायरचा दाबमापक लावा. हवा कमी असेल तर पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा ०.२ बार कमी इतकी भरा. व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर पिशवी फाटली आहे.

२. सगळे नळ बंद, तरी काटा हळूहळू उतरतो: कुठेतरी गळती आहे किंवा पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

३. पंप चालू, पण काटा चढत नाही: फिल्टर तुंबला असेल, पंप झिजला असेल किंवा पाणी खाली गेलं असेल. १० लिटरची बादली भरायला लागणारे सेकंद मोजा. सुरुवातीला धार चांगली, अर्ध्या तासाने बारीक आणि नळ हवा फेकतो, तासाभराच्या विश्रांतीनंतर पुन्हा ठीक, असं असेल तर विहीर दमली आहे.

४. ब्रेकर पडतो: एकदाच वर करा. पुन्हा पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तिसऱ्या प्रकारात मोठा पंप बसवणं उलटं महागात पडतं. इथल्या बऱ्याच बोअरना खडकाच्या भेगांतून पाणी येतं. जोरात उपसलं म्हणून त्या भेगा जास्त पाणी देत नाहीत. पाणबुडी मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते, म्हणून कोरडी चालली तर जळते. २०१८ च्या दुष्काळात ६ जुलैपासून देशभर पाइपने बागेला पाणी घालण्यावर निर्बंध आले, ते सार्वजनिक पाणी वाचवण्यासाठी. आपल्या बोअरवर असा निर्बंध आपणच घालायचा. १०० चौरस मीटर हिरवळीला २५ मिलिमीटर पाणी म्हणजे २,५०० लिटर. पिवळं पडलेलं गवत पावसानंतर बहुधा पुन्हा हिरवं होतं; स्वयंपाकघरातला नळ त्याच बोअरवर आहे.

म्हणूनच बोअर उघडून दुरुस्ती केली, तर निर्जंतुकीकरण आणि जिवाणूंची तपासणी होईपर्यंत पाणी उकळून प्या. खताच्या बादलीत पाइपचं तोंड बुडवून ठेवू नका. दाब पडला तर ते पाणी मागे ओढलं जाऊ शकतं.

सगळं सुरळीत असतानाच पंप सुरू आणि बंद होण्याचे दाब आणि बादली भरण्याचे सेकंद टाकीवर मार्करने लिहून ठेवा. पुढच्या कोरड्या उन्हाळ्यात तुलना करायला तेच आकडे लागतील.