थांबलेल्या पात्याचा धोका

पेट्रोलवर चालणाऱ्या लॉन मोअरचे पाते काढताना ज्यांच्या बोटांना इजा झाली, त्यांच्यापैकी अनेकांच्या सांगण्यात यंत्र त्या वेळी बंद होते, असे येते आणि ते बहुधा खरेही असते. चूक असते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. ढकलत चालवायच्या यंत्रात पाते बहुतेक वेळा इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, खालच्या टोकाला थेट बोल्टने जोडलेले असते, त्यामुळे पाते हाताने फिरवले की इंजिनही फिरते. पात्याबरोबर सिलिंडरमधला दट्ट्या सरकतो, हवा दाबली जाते आणि वरच्या जड चक्रावरील चुंबक कॉइलसमोरून वेगाने गेले, तर स्पार्क प्लगला ठिणगी मिळू शकते. मुठीजवळचा दांडा सोडताच ही ठिणगी बंद करणारी तार यंत्रात असते हे खरे, परंतु ती तुटलेली असेल, किंवा सोयीसाठी कोणी तो दांडा दोरीने बांधून ठेवला असेल, तर सिलिंडरमध्ये उरलेली पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. ठिणगी पडली नाही तरी दाबलेली हवा पात्याला झटक्याने उलट ढकलते आणि बोथट पात्याचा झटकाही बोट चिरायला पुरेसा असतो.

अमेरिकेत १९८२ पासून अशा यंत्रांना नियम लागू आहे, की चालकाने दांडा सोडल्यावर पाते ३ सेकंदांच्या आत थांबले पाहिजे. हा नियम गवत कापणाऱ्याचे रक्षण करतो, यंत्र आडवे करून त्याच्या पोटात हात घालणाऱ्याचे नव्हे. म्हणून पाना हाती घेण्याआधी, यंत्र कलते करण्याच्याही आधी, स्पार्क प्लगवरील वायरची टोपी उपटून ती पुन्हा प्लगला टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवावी. विजेच्या यंत्राचा प्लग सॉकेटमधून काढून काम करणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवावा, कारण नुसते बटण बंद केले तर ते घरातील दुसरे कोणी अजाणता चालू करू शकते. बॅटरीवरील यंत्राची बॅटरी पूर्ण काढून घ्यावी. बाकीच्या सर्व सूचना एक वेळ मागेपुढे झाल्या तरी चालतील, ही मात्र पहिलीच राहिली पाहिजे.

यंत्र कलते करताना हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर, आणि कार्ब्युरेटर वरच्या बाजूला राहतील असे पाहावे, अन्यथा इंजिनाचे तेल जाळीत उतरते आणि पेट्रोल जमिनीवर गळते. त्यासाठी इंजिन थंड असावे आणि टाकी शक्यतो रिकामी असावी. बोल्ट सैल करताना पाते फिरू नये म्हणून त्याच्या आणि पत्र्याच्या आवरणाच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवावा. पाते हाताने किंवा पायाने धरू नये. बोल्ट गंजून बसलेला असला, तर त्यावर गंज सोडवणारे तेल सोडून थांबणे हाच उपाय होय, कारण जोर लावताना पाना निसटला की मूठ नेमकी धारेवर आदळते. जाड हातमोजे येथे अवश्य वापरावेत. पाते सुटण्यापूर्वी त्याच्या जमिनीकडील बाजूवर रंगाची खूण करावी, कारण उलटे बसवलेले पाते गवत कापण्याऐवजी झोडपत राहते.

धार लावण्याच्या कामात घाई सर्वांत महाग पडते. पात्याच्या धारेचा उतार सामान्यतः ३० अंशांच्या आसपास असतो आणि तो तसाच राखून फक्त उताराच्या बाजूने घासायचे असते, खालची सपाट बाजू घासायची नसते. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे पाते दिले, तर तो त्याला सुरीसारखी पातळ धार लावून देण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात बंगल्यांच्या बागांत मुरूम आणि खडे सर्रास असल्याने अशी धार पहिल्याच कापणीत दाते पडून निकामी होते. पाते व्हाइसमध्ये घट्ट आवळून सपाट कानशीने एकाच दिशेने घासणे हे संथ पण सर्वांत सुरक्षित साधन आहे. अँगल ग्राइंडर वेगवान असतो. मात्र त्याने पाते क्षणात इतके तापते, की कडेचा रंग आधी पिवळसर आणि मग निळा होतो. निळा रंग म्हणजे पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याची खूण असते. लोहार ज्याला पाणी उतरणे म्हणतात ते हेच, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा कमी होणे. असे पाते लवकर बोथट होते. म्हणून हलका हात फिरवावा आणि पाते वारंवार पाण्यात बुडवून थंड करावे. ग्राइंडरचे गार्ड कधीही काढू नये, कापण्याच्या पातळ चकतीने घासू नये, डोळ्यांवर गॉगल असावा आणि हे काम पेट्रोलच्या यंत्रापासून दूर करावे, कारण ठिणग्या लांबवर उडतात.

दोन्ही टोकांकडून सारखे पोलाद गेले आहे की नाही, हे पाहण्यासाठी पाते मधल्या छिद्रातून भिंतीतल्या खिळ्यावर आडवे टांगावे आणि जी बाजू खाली झुकेल तिच्याकडून थोडे आणखी घासावे. हा समतोल दुर्लक्षिण्याजोगा नाही. ५३ सेंटिमीटर लांबीचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर होतो. या वेगाने फिरणाऱ्या असमतोल पात्याने यंत्र थरथरते आणि क्रँकशाफ्ट व बेअरिंग झिजतात. त्याच वेगामुळे तडा गेलेले, वाकलेले किंवा हवा वर ओढणाऱ्या मागच्या उंच कडेजवळ झिजून कागदासारखे पातळ झालेले पाते वेल्डिंग करून किंवा ठोकून सरळ करून वापरणे घातक ठरते. तुटलेला तुकडा चालकाच्या पायापर्यंत किंवा शेजारी खेळणाऱ्या मुलापर्यंत पोहोचायला क्षणही लागत नाही आणि नवे पाते त्या जोखमीच्या मानाने फार स्वस्त असते.

इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये ज्याचे पेटंट घेतले, त्या दंडगोल पात्यांच्या यंत्राला यातले काहीच लागू पडत नाही. त्याची फिरती पाती आणि खालची स्थिर पट्टी एकमेकांना जुळवून घासावी लागतात, म्हणून ते जाणकार कारागिराकडेच द्यावे.

पाते परत बसवताना वॉशर पूर्वीच्याच क्रमाने घालावेत, उंच कड इंजिनाच्या बाजूला ठेवावी आणि बोल्ट यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराइतकाच टॉर्क पान्याने आवळावा. यानंतरच यंत्र उभे करून प्लगची टोपी लावावी आणि मोकळ्या जागेत, आसपास कोणी नसताना, ते थोडा वेळ चालवावे; थरथर जाणवली तर ते लगेच बंद करावे, टोपी पुन्हा काढावी आणि मगच खाली वाकून पाहावे.