आखातात कामाला जाण्याआधी कागद तपासा

मैत्रिणींनो, गटातली कोणी आखातात घरकामाला जायचं म्हणून कर्ज मागत असेल, तर आधी तिचे कागद बघा.

पहिलं नाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, असं आपल्यात घरोघरी असतं. पासपोर्ट काढण्याआधीच ते एकसारखं करून घ्या, नंतर दुप्पट हेलपाटे. व्हिसाच्या अर्जावर आणि करारावर पासपोर्टचंच नाव हवं, स्पेलिंगसकट. पासपोर्टची मुदतही निदान सहा महिने शिल्लक हवी.

दहावी पास असाल तर पासपोर्टच्या अर्जाला तो दाखला जरूर जोडा. नाहीतर पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद येते. मग सौदी, कुवेत, कतार अशा 18 देशांत नोकरीसाठी सरकारची मंजुरी लागते. घरकामासाठी 30 वर्षांखालच्या बाईला ती मिळत नाही. वय बसत असलं तरी भरती सरकारने ठरवलेल्या संस्थांकडूनच व्हावी लागते. त्यांची माहिती 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर मिळते. कटकट वाटते खरी, पण यात पगार आणि करार आधी तपासला जातो.

दलाल म्हणेल, "ताई, टुरिस्ट व्हिसावर चला, तिथं गेल्यावर बदलून देतो." अजिबात ऐकू नका! त्या व्हिसावर काम करणं तिथं बेकायदा. पगार बुडाला तर दाखवायला कागदच नाही.

करार अरबीत असेल तर आपल्याला समजेल अशा भाषेत मागा, सही त्यानंतर. सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक घरी, एक गटाच्या अध्यक्षांकडे. मालकाचा पत्ता आणि फोन त्यावरच लिहून ठेवा.