राखेत उरते काय?

एखाद्या वस्तूचा समूळ नाश झाला म्हणजे तिची 'राखरांगोळी झाली' असे आपण म्हणतो. अग्नीच्या मुखी पडलेले काहीच शिल्लक राहत नाही, ही समजूत या वाक्प्रचाराच्या मुळाशी आहे. परंतु मुलांनो, ही समजूत पुरती खरी नाही. लाकूड, कागद, चिंध्या जळतात आणि त्यांचा बहुतेक भाग वायुरूप होऊन हवेत मिसळतो. धातू ही मात्र मूलद्रव्ये आहेत. अग्नी त्यांचे रूप पालटू शकतो. त्यांचा नाश करू शकत नाही.

वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत पूर्वी चुलीतील राख बहुगुणी मानली जाई. तिने भांडी लखलखीत होत. कीड लागू नये म्हणून बियाणे तिच्यात घोळून ठेवीत. भाजीच्या वाफ्यांतही ती टाकीत. ती राख पऱ्हाटीची, तुऱ्हाटीची आणि गोवऱ्यांची असे. झाडांनी जमिनीतून घेतलेले पालाश व चुना तिच्यात असत. अशी राख शेतात टाकणे म्हणजे भूमीचे ऋण भूमीस परत करणेच होय.

आजच्या घरगुती कचऱ्याची राख तशी नाही. विजेरीच्या सेलमध्ये जस्त असते, ट्यूबलाइटमध्ये पारा, जुन्या तेलरंगात शिसे, तर काही जुन्या सेलमध्ये कॅडमियम. हा कचरा पेटविला म्हणजे काय होते? लोखंड वितळण्यास 1538 अंश सेल्सिअस उष्णता लागते. म्हणून खिळा राखेत तसाच सापडतो. ॲल्युमिनियम 660 अंशांवर वितळते व त्याचे मणी बनतात. शिसे 327 अंशांवरच वितळते आणि राखेत असे मिसळते, की डोळ्यांना दिसतही नाही. पारा 357 अंशांवर, तर कॅडमियम 767 अंशांवर उकळते. त्यांची वाफ धुराबरोबर वर जाते. कॅडमियम तर निवताच बारीक धुळीवर बसते.

मोठ्या भट्टीत 100 किलो कचरा जाळला, तर सुमारे 20 ते 25 किलो राख उरते. साऱ्या ढिगात विखुरलेले बरेचसे धातू त्या थोड्या राखेत एकवटतात. 1874 साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरी कचरा जाळण्याची भट्टी उभारण्यात आली. आज युरोपात अशा भट्ट्यांच्या राखेतून लोहचुंबकाने लोखंड ओढून घेतात. तांबे व ॲल्युमिनियमही वेगळे काढतात. धूर गाळून मिळालेली बारीक राख विषारी समजून बंदोबस्ताने ठेवतात. आपल्या अंगणात पेटविलेल्या ढिगाला मात्र ना धुराडे, ना गाळणी!

ही राख वाफ्यात टाकली, तर तिच्यातील कॅडमियम पालकासारख्या पालेभाज्या मुळांवाटे शोषून घेतात. शिसे पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा येते. म्हणून अशा राखेने भांडी घासू नयेत. ती विहिरीजवळ किंवा शेतातही टाकू नये.

मग कचऱ्याचे करावे काय? याचा एक धडा वर्ध्याजवळच मिळतो. 1936 साली महात्मा गांधी सेगाव येथे राहावयास आले. तेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झाले. तेथे सफाई हा शिक्षणाचाच भाग मानला जाई. मैला व पालापाचोळा खड्ड्यात कुजवून खत करीत. मैल्याच्या खतास आपल्या भाषेत 'सोनखत' असे सार्थ नाव आहे. केंद्र सरकारच्या 2016 सालच्या नियमांनीही कचरा वेगवेगळा ठेवण्यास सांगितले आणि तो उघड्यावर जाळण्यास मनाई केली.

कुजणारे खड्ड्यात जावे, धातू भंगारवाल्याकडे जावा आणि सेल व दिवे निराळे ठेवून योग्य ठिकाणी सोपवावेत. काडी ओढणे एका क्षणाचे काम आहे. परंतु राखेत गेलेले शिसे मातीतून वेचून काढणे कोणाच्याही हातचे नाही.

स्वाध्याय
1. चुलीतील राख व आजच्या कचऱ्याची राख यांत कोणता फरक आहे?
2. खिळा राखेत सापडतो, पण शिसे दिसत नाही. असे का?
3. 'राखरांगोळी होणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.