पऱ्हाटी व रद्दी कागद यांपासून घरगुती जळण

खानदेशात कापसाची अखेरची वेचणी आटोपली म्हणजे शेतात उभ्या पऱ्हाट्या तेवढ्या राहतात. त्या उपटून बांधावर, खळ्यात अथवा घराच्या भिंतीलगत रचून ठेवण्याची वहिवाट जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांत जुनी आहे. भरताची वांगी भाजावयाची असोत, खापरावर मांडे करावयाचे असोत, की थंडीच्या दिवसांत न्हाणीचे पाणी तापवावयाचे असो, पऱ्हाटीचा जाळ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ही काडी जितकी चटकन पेटते तितकीच चटकन विझते. चुलीपुढे बसलेल्या गृहिणीला हातातील काम सोडून ती पुनःपुन्हा आत सारावी लागते, आणि धूर डोळ्यांत व छातीत जातो तो निराळाच.

या पऱ्हाट्यांबरोबर आणखी एक वस्तू घराजवळ येते. ती म्हणजे पुढील हंगामाची गुलाबी बोंडअळी. म्हणून पऱ्हाटीचे जळण कसे करावे हा प्रश्न केवळ चुलीचा नाही, तो कापसाच्या पिकाचाही आहे. पऱ्हाटी बारीक करून, रद्दी कागदाच्या लगद्याने बांधून तिच्या वड्या केल्यास जळण सुटसुटीत होते आणि अळीचे घरही मोडते. ही कृती कशी करावी, तिची मर्यादा कोणती व तीत कोणता धोका आहे, याचा विचार या पाठात केला आहे.

गंजीतील शत्रू

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी भारतातील नमुन्यांवरून 1843 मध्ये केले. म्हणजे ही कीड आपल्याकडे नवी नाही. बीटी कापसाला 2002 मध्ये व दोन जनुके असलेल्या बीटी वाणांना 2006 मध्ये मान्यता मिळाल्यानंतर काही वर्षे तिचा उपद्रव कमी झाला होता. पुढे या अळीने बीटीलाही दाद देणे सोडले, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात कापसाचे अतोनात नुकसान झाले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अळी पऱ्हाटीच्या काडीत राहत नाही. काडीला चिकटून राहिलेल्या न उमललेल्या, किडक्या बोंडांत, सरकीत व जमिनीवर गळालेल्या पाल्यापाचोळ्यात ती सुप्तावस्थेत महिनोन्‌महिने पडून असते. पावसाळी हवा सुरू झाली की तिचे पतंग बाहेर पडतात आणि नव्या पिकाकडे वळतात. बांधावर रचलेली गंजी ही अशा रीतीने किडीची वखारच ठरते. एका शेतकऱ्याने आपले शेत कितीही स्वच्छ ठेवले, तरी शेजारच्या बांधावर गंजी असेल तर त्याचे श्रम वाया जातात.

यावर उपाय सोपा, परंतु वेळेवर करावयाचा आहे. फरदडीचा मोह टाळून डिसेंबरअखेर पीक संपवावे. शेतात शेळ्यामेंढ्या चारून हिरवी बोंडे खाऊ घालावीत. पऱ्हाटी मुळासकट उपटावी, तिला राहिलेली बोंडे झोडून गोळा करावीत व ती जाळून टाकावीत. उरलेल्या काड्या फेब्रुवारी व मार्च या महिन्यांत बारीक कराव्यात. आखाजीच्या आत गावात एकही उभी गंजी राहू नये, असा नेम गावाने मिळून करावा.

शेण चुलीत की शेतात?

जळण कमी पडले की शेणाच्या गोवऱ्या थापल्या जातात. डॉ. व्होल्कर यांनी भारतीय शेतीची पाहणी करून 1893 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात हेच दाखवून दिले होते की, शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानाने नव्हे, तर त्याला दुसरे सरपण मिळत नाही म्हणून. हे निदान आजही विचारात घेण्याजोगे आहे. शेण जाळले म्हणजे त्यातील नत्र व सेंद्रिय द्रव्य हवेत जाते, राखेत केवळ पालाश, स्फुरद व चुना हे क्षार राहतात. ‘शेण जाळू नका’ असे सांगणाऱ्या कार्यकर्त्याने ‘मग काय जाळावे?’ याचे उत्तर बरोबर नेले पाहिजे. पऱ्हाटीच्या वड्या हे त्या उत्तराचा एक भाग होऊ शकतात.

एका एकराचा हिशेब

कापसाच्या एका हेक्टरात साधारणतः 2 ते 3 टन पऱ्हाटी निघते. म्हणजे एकरी सुमारे 1 टन, अथवा 1,000 किलो. वाळलेल्या पऱ्हाटीच्या एका किलोत सुमारे 4,000 किलोकॅलरी उष्णता असते. तिचा कोळसा केल्यास एका किलो कोळशात ती 7,000 किलोकॅलरीच्या आसपास भरते. यावरून कोळसा करणे नेहमीच फायद्याचे, असे मात्र समजू नये. 100 किलो पऱ्हाटीपासून फार तर 25 किलो कोळसा मिळतो. म्हणजे मूळच्या 4 लाख किलोकॅलरीपैकी 1 लाख 75 हजारच हाती राहतात. निम्म्याहून अधिक उष्णता कोळसा होतानाच निघून जाते.

मग कोळसा का करावा? कारण तो धूर फारसा करीत नाही, थोड्या जागेत मावतो, मंद व सारखा जळतो आणि शेगडीत वापरता येतो. भाकरी, पाणी तापविणे यांसारख्या मोठ्या जाळाच्या कामाला भुशाच्या वड्या पुरेशा आहेत, डाळ शिजविण्यासारख्या मंद आचेच्या कामाला कोळशाच्या वड्या सोयीच्या पडतात. दोन्हींची निवड कामावरून करावी.

कागदाचाही हिशेब करावा. खेड्यातील घरात रद्दी फार नसते, आणि स्वच्छ रद्दीला बाजारात दाम मिळतो. म्हणून कागद हे जळण न समजता जळण बांधणारी खळ समजावी. कागद म्हणजे लाकडाचे बारीक तंतू होत. पाण्यात ते सुटे होतात व वाळताना एकमेकांत गुंततात, त्यामुळे इतर भुसा त्यांच्या जाळ्यात धरला जातो. 10 किलो कागद 30 किलो भुशाला अथवा 40 किलो कोळशाच्या पुडीला पुरतो. शाळा, ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी व किराणा दुकाने येथील फाटका, मळका, विकला न जाणारा कागद यासाठी गोळा करावा.

चकचकीत, प्लॅस्टिकचा मुलामा असलेला कागद, दुधाचे व शीतपेयांचे खोके, तसेच बियाणे, खते व कीटकनाशके यांची वेष्टने मुळीच घेऊ नयेत. त्यांचा धूर विषारी असतो. टाचण्या व तारा काढून टाकाव्यात.

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल व मुक्ताईनगर या भागांत केळीची खोडे विपुल मिळतात. पण केळीच्या खोडात वजनाच्या सुमारे नऊदशांश पाणीच असते, ते वाळवून जाळण्यात श्रम अधिक व लाभ थोडा. त्याची जागा खतात व शेतात आहे.

भुशाच्या वड्या

1. पऱ्हाटी ट्रॅक्टरवरील श्रेडरने बारीक करावी. तुकडे अर्ध्या इंचाहून लांब नसावेत. साध्या कडबाकुट्टीत कोवळ्या फांद्याच घालाव्यात, जाड बुंधे तसेच सरपणाला ठेवावेत. वखारीतील लाकडाचा भुसाही मिसळता येतो.

2. बारीक केलेल्या भुशावर पाणी शिंपडून तो आठवडाभर झाकून ठेवावा. त्यामुळे तो नरम होतो व दाबल्यावर उसळत नाही.

3. कागदाचे बोटभर तुकडे करून दोन दिवस पाण्यात भिजवावेत, नंतर कुटून अथवा तुडवून त्यांचा लगदा करावा. कागदाचे अक्षर ओळखू येईनासे झाले म्हणजे लगदा झाला.

4. कोरड्या वजनाने 1 भाग कागदाला 3 भाग भुसा घेऊन एकजीव कालवावा. मूठभर मिश्रण दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर लगदा वाढवावा.

5. बाजूंना भोके पाडलेला, दोन्ही तोंडे उघडी असलेला सुमारे 4 इंच व्यासाचा पत्र्याचा नळकांडा साचा म्हणून घ्यावा. मध्यभागी एक गुळगुळीत दांडा उभा धरून भोवती मिश्रण भरावे व लाकडी दट्ट्याने दाबावे. जोर वाढविण्यासाठी झाडाच्या बुंध्याला अडकविलेली लांब लाकडी तरफ वापरावी. निथळलेले पाणी खाली घमेल्यात धरून पुढच्या लगद्यास घ्यावे. पाणीटंचाईच्या गावी ही काळजी विशेष घ्यावी.

6. दांडा काढला की वडीला मधोमध भोक राहते. त्यामुळे ती लवकर वाळते व चुलीत हवा आतून खेळून नीट जळते.

7. वड्या कडक उन्हात वाळवाव्यात व रोज उलटाव्यात. चैत्र-वैशाखातील खानदेशचे ऊन हे यासाठी फुकट मिळालेली भट्टीच होय. आठवड्याच्या आत बहुधा काम होते. एकाच वडीचे वजन दोन दिवस लागोपाठ सारखे भरले म्हणजे ती वाळली असे समजावे. ओली वडी धूरच करते.

कोळशाच्या वड्या

शेतातील टाकाऊ मालापासून असा कोळसा करण्याचे काम महाराष्ट्रात पूर्वीच झाले आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, म्हणजे ‘आरती’ने, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसविली व तीबद्दल तिला 2002 मध्ये ॲशडेन पारितोषिक मिळाले. उसाच्या मुलखात पाचट, तशी खानदेशात पऱ्हाटी.

घरगुती प्रमाणावर 200 लिटरचे लोखंडी पिंप पुरते. ते कीटकनाशकाचे अथवा रसायनाचे नसावे. तळाशी पाचसहा भोके पाडून पिंप तीन दगडांवर ठेवावे, पऱ्हाटीचे तुकडे दाटीने भरावेत व वरून पेटवावे. प्रथम पांढरा दाट धूर निघतो. तो विरळ व निळसर होऊ लागताच वर घट्ट झाकण ठेवावे, खालची भोके व झाकणाची कड ओल्या मातीने लिंपावी व पिंप रात्रभर निवू द्यावे. फट राहिल्यास सकाळी कोळशाऐवजी राख मिळते. पिंप उघडल्यावर कोळशावर पाणी शिंपडावे, कारण आत ठिणगी राहिलेली असू शकते. हे काम वस्ती, गंजी व गोठा यांपासून दूर, वारा पडलेला असताना करावे.

कोळसा गोणपाटात कुटून पूड करावी. 1 भाग कागदाच्या लगद्यात 4 भाग पूड मिसळून वरीलप्रमाणेच वड्या पाडाव्यात.

ज्या गावांत पऱ्हाटी फार आहे तेथे शेतकरी गटाने यंत्राचाही विचार करावा. मोठ्या दाबाने व उष्णतेने काडीतील लिग्निन हे द्रव्य मऊ होऊन तेच खळीचे काम करते, कागद लागत नाही. बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणून बाष्पकांसाठी विकला जाणारा माल असाच होतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या अशा उपयोगांवर काम केले आहे.

बंद खोलीतील शेगडी

पौष-माघात धुळे व जळगाव येथील किमान तापमान काही दिवस एक आकडी होते. अशा रात्री शेगडी घरात घेऊन दारेखिडक्या लावून झोपण्याची, तसेच बाळंतिणीच्या बाजेखाली शेकासाठी निखारे ठेवण्याची रीत आढळते. या ठिकाणी अत्यंत सावध राहिले पाहिजे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो, आणि झोपलेला मनुष्य न जागता दगावतो. कोळशाला धूर नाही म्हणून तो निर्धोक आहे, हा समज घातक आहे.

म्हणून शेगडी बाहेर अथवा पडवीत पेटवावी. खोली ऊबदार करावयाची असल्यास समोरासमोरची दोन दारे वा खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी. बाळंतिणीस शेक देतानाही हाच नियम पाळावा. त्याहून बरे म्हणजे, या जळणावर पाणी तापवून गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यावा. डोके दुखणे, घेरी, मळमळ वा गुंगी जाणवल्यास त्या माणसास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

राखेचा उपयोग

वड्यांची राख फेकू नये. तीत पालाश व चुना असतो. ती खताच्या खड्ड्यात थोडीथोडी पसरावी अथवा परसातील भाज्यांना द्यावी. युरिया वा अमोनियायुक्त खतांत मात्र ती मिसळू नये. राखेच्या क्षारामुळे नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते.

सर्व पऱ्हाटी जाळण्याचाही आग्रह नसावा. घराला लागेल तेवढीच जळणाला घ्यावी, बाकीची बारीक करून तिचे कंपोस्ट करावे. जमिनीचा वाटा जमिनीस गेला पाहिजे.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

फेब्रुवारीत बाजाराच्या दिवशी, महिला मंडळासमोर प्रात्यक्षिक ठेवावे. सारख्या तीन चुलींवर सारख्या भांड्यांत 2 लिटर पाणी ठेवावे. एकीत सुटी पऱ्हाटी, दुसरीत गोवऱ्या व तिसरीत भुशाच्या वड्या, प्रत्येकी 1 किलो तोलून घालाव्यात. पाणी उकळावयास लागलेला वेळ, जाळ टिकल्याचा काळ व धूर यांची नोंद गृहिणींकडूनच करून घ्यावी. वड्या उण्या ठरल्यास तेही लपवू नये. कारण शोधावे. बहुधा त्या ओल्या असतात अथवा दाब कमी पडलेला असतो. त्याच सभेत एखाद्या गंजीतील किडकी बोंडे आणून फोडून दाखवावीत. आतील अळी डोळ्यांनी पाहिली म्हणजे गंजी मोडण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

अभ्यासाचे प्रश्न

1. आपल्या गावात डिसेंबरनंतर किती शेतांत कापूस उभा राहतो व का?
2. आखाजीपूर्वी सर्व गंज्या मोडावयाच्या झाल्यास श्रेडरची व मनुष्यबळाची सोय कशी करावी?
3. शाळा, दुकाने व ग्रामपंचायत यांतून महिन्यास किती किलो निरुपयोगी कागद मिळेल? त्यात किती वड्या बांधल्या जातील?
4. कोणत्या घरांत हिवाळ्यात रात्री शेगडी आत घेतली जाते? तेथे जाऊन कोणी व केव्हा समजावून सांगावे?