गांवचें पाणी व गांवचें आरोग्य : जामखेडचा धडा

पीक पिवळें पडलें तर नत्र कमी पडलें कीं पाणी अधिक झालें, मुळाला वाळवी लागली कीं पानावर मावा बसला, याचा शोध आपण शेतकरी तत्काळ करितों. परंतु गड्याचें मूल हगवणीनें गेलें किंवा शेजारची सून बाळंतपणांत दगावली, म्हणजे त्याच आपल्या तोंडून 'नशीब' हा शब्द निघतो. प्रस्तुत लेखांत आम्ही असें दाखवूं इच्छितों कीं, गांवच्या रोगराईलाहि पिकाच्या रोगाप्रमाणें शोधतां येण्याजोगीं कारणें असतात. आणि त्यांपैकीं पुष्कळशीं दूर करणें हें जितकें डॉक्टरच्या हातीं आहे, तितकेंच जमीनधारक शेतकऱ्याच्याहि हातीं आहे.

यासाठीं उदाहरण परक्या देशांतून आणावयास नको. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील जामखेड हा अवर्षणाचा तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं तेथें ग्रामीण आरोग्याचें काम सुरू केलें. तत्पूर्वीं याच जिल्ह्यांत वडाळा येथील मिशन इस्पितळांत काम करतांना त्यांस एक गोष्ट दिसून आली होती. बरा होऊन घरीं गेलेला रोगी कांहीं महिन्यांनीं तेंच दुखणें घेऊन परत येई. ज्या दूषित पाण्यांत, ज्या अर्धपोटीं राहण्यांत व ज्या चुकीच्या समजुतींत तें दुखणें जन्मास आलें, तीं सर्व त्याच्या घरीं जशींच्या तशीं असत. पानावर औषध मारावें आणि कीड मुळाशीं तशीच ठेवावी, असाच हा प्रकार होय.

जामखेडास काम सुरू होतें न होतें तोंच १९७२ चा दुष्काळ आला. लोकांनीं पहिली मागणी औषधांची केली नाहीं. अन्नाची व पाण्याची केली. म्हणून आरोग्याच्या कामाचा आरंभ मुलांच्या सामुदायिक भोजनापासून व विंधनविहिरींपासून झाला. दख्खनच्या काळ्या खडकांत पाणी सांपडतें तें भेगांतून. तें कोठें लागेल याला निसर्गाची मर्यादा असते. तथापि जेथें निवड करण्यास वाव होता तेथें हातपंप दलित वस्तींत किंवा तिच्या लगत यावा असें पाहण्यांत आलें. पाणी हवें तर सर्वांनीं एकाच पंपावर यावें, असा त्याचा अर्थ होता. ज्या गांवांत विहिरीच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या जातींची रेघ ओढलेली होती, तेथें ही गोष्ट सोपी नव्हती. तरीहि गांवोगांवच्या तरुण शेतकऱ्यांनीं मंडळें काढलीं, निरनिराळ्या जातींचे लोक त्यांत एकत्र बसूं लागले, आणि पाणी, वृक्षलागवड व मुलांचें पोषण हीं कामें त्यांनीं अंगावर घेतलीं.

शुद्ध पाण्याचें सामर्थ्य किती, याचा दुसरा पुरावा नारू हा रोग होय. पायऱ्यांच्या विहिरींत रोगी उतरे, त्याच्या पायाच्या जखमेंतून किड्याचीं पिलें पाण्यांत जात, आणि तेंच पाणी पिऊन सारा गांव आजारी पडे. या रोगावर लस नाहीं, किड्याला मारणारें औषधहि नाहीं. तरी पाणी गाळून पिणें, पायऱ्या बंद करणें व हातपंप बसविणें एवढ्या उपायांनीं तो हटला. आणि २००० सालीं भारत नारूमुक्त असल्याचें जाहीर झालें.

पाण्यानंतर प्रश्न आला माणसाचा. शिकलेल्या परिचारिकेस परक्या खेड्यांत एकटीनें राहणें जमेना, आणि गांवकऱ्यांसहि तिच्याविषयीं जवळीक वाटेना. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडावी, असें ठरलें. अशा बायकांपैकीं पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या नेमानें जामखेडास येत, शिकत आणि परत जाऊन गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, मुलांचें वजन, हगवणीवर मीठ-साखरेचें पाणी, क्षय व कुष्ठ यांच्या रोग्यांचा शोध, हीं कामें करीत. कठीण रोगी मात्र इस्पितळांत पाठवीत. दवाखाना नको असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पाठीशीं दवाखाना नसेल तर गांवची कार्यकर्ती लंगडी पडते, आणि गांवांत कार्यकर्ती नसेल तर दवाखाना आंधळा होतो.

फळ काय मिळालें? प्रकल्पाच्या गांवांत १९७१ सालीं जन्मलेल्या दर हजार मुलांमागें १७६ मुलें वर्षाच्या आंत दगावत. १९७६ पर्यंत हा आंकडा ५२ वर आला. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. तथापि मान जितका डॉक्टरांचा, तितकाच तो त्या निरक्षर बायकांचा व त्यांस आपल्या ओसरीवर बसूं देणाऱ्या शेतकऱ्यांचा आहे, असें आम्ही समजतों.

असाच अनुभव गडचिरोलीसारख्या जंगली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांस आला. गांवांतील बायकांस शिकवून नवजात बालकांची घरींच निगा राखण्याचा प्रयोग त्यांनीं ३९ गांवांत केला. त्यायोगें नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें सरकारनें ही पद्धत देशभर स्वीकारली. आज आपल्या गांवची 'आशा' बाळंतपणानंतर ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशीं घरीं येते, ती याच पद्धतीनुसार.

आतां आपल्या शिवाराकडे वळूं. २०२० सालीं महाराष्ट्रांत हजारीं १६ अर्भकें दगावलीं. हा आंकडा समाधानाचा दिसतो. पण सरासरीचा आंकडा हा सबंध शेताच्या सरासरी उताऱ्यासारखा असतो, त्यांत कोपऱ्यांतील खडकाळ वाफा दिसत नाहीं. तो वाफा म्हणजे आपल्याच बांधावरची ऊसतोड्यांची कोपी. जामखेड, बीड या अवर्षणी भागांतून निघालेलीं हीं कुटुंबें हंगामाचे महिने आपल्या उसांत राहतात. त्यांच्या मुलांच्या लशी चुकतात, गरोदर बायकांची तपासणी राहून जाते, आणि पिण्यास पाणी मिळतें तें पाटाचें. त्यांच्या मूळ गांवच्या यादींत तीं त्या वेळीं हजर नसतात, आणि आपल्या गांवच्या यादींत त्यांचें नांवच नसतें.

म्हणून प्रत्येक बागाईतदारानें पुढील गोष्टी कराव्या, असें आमचें सांगणें आहे.

१. टोळी उतरतांच तिच्यांतील गरोदर बायका व पांच वर्षांखालील मुलें यांची मोजणी करून ती गांवच्या आशेस कळवावी.

२. कोपीजवळ पिण्याचें शुद्ध पाणी स्वतःच्या खर्चानें ठेवावें. कीटकनाशकाचे रिकामे डबे पाण्यासाठीं कोणाच्याहि हातीं जाऊं देऊं नयेत.

३. हगवण लागलेल्या मुलास क्षार-साखरेच्या पुडीचें पाणी द्यावें. पुडी नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडें थोडें पाजावें. अंगावरचें दूध तोडूं नये. मूल मलूल झालें, पिईना, किंवा शौचांत रक्त दिसलें तर विलंब न करितां दवाखाना गांठावा.

४. रात्रीं-अपरात्रीं बाळंतिणीस नेण्यासाठीं कोणाची गाडी निघेल, हें हंगामाच्या आरंभींच ठरवावें. तोडणीचा खाडा पडेल म्हणून आजाऱ्यास थांबवूं नये.

५. गांवच्या आरोग्य समितीची सभा चुकवूं नये. आणि आशा कोणत्याहि जातीची असो, तिला सभेंत बसावयास जागा व बोलावयास वेळ द्यावा.

यांत पैशाचा खर्च थोडा आहे. जड जातें तें दुसरेंच : पाण्यावरचा आपला हक्क थोडा सैल करणें, आणि जिला आजवर दाराबाहेर उभें केलें तिचें सांगणें ऐकणें. जामखेडच्या शेतकऱ्यांनीं तें दुष्काळांत केलें. आपल्या विहिरीस आज पाणी आहे, उसाला भाव आहे. मग आपणांस तें कां करतां येऊं नये? येत्या हंगामांत पहिली मोळी पडण्यापूर्वीं कोपीवरच्या मुलांची मोजणी व्हावी, एवढीच आमची प्रत्येक शेतकरी बंधूस विनंति आहे.