जुन्या ट्रकाची नवी गिअर-पेटी

एंजिन गाडी चालवितें असें आपण सहज म्हणतों. परंतु तें अर्धेंच खरें आहे. एंजिन केवळ फिरतें. त्याचें फिरणें चढावर सावकाश व नेटानें आणि सपाट रस्त्यावर वेगानें चाकांपर्यंत पोंचविणें हें गिअर-पेटीचें काम होय. ही पेटी बदलावयाची म्हणजे जुनी काढावयाची व नवी बसवावयाची, एवढेंच, असा पुष्कळांचा समज असतो. तो समज कसा अपुरा आहे हें एका विशिष्ट गाडीच्या उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. वाचकांनीं कागद व पेन्सिल जवळ ठेवावी.

ही गाडी म्हणजे अमेरिकेंतील शेव्हरोले कंपनीचा १९४७ पासून १९५५ च्या आरंभापर्यंत निघालेला अर्ध्या टनाचा पिकअप ट्रक. ३१०० हा त्याचा क्रमांक. त्याच्या बहुतेक गाड्यांत सहा सिलिंडरांचें २१६ घनइंची एंजिन असे, व तें मिनिटास ३,३०० फेऱ्यांवर ९० अश्वशक्ति देई. गिअर बहुधा तीन असत आणि त्यांची दांडी बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खांबावर असे. शेव्हरोले हें नांव आपल्याकडील वडील मंडळींस अनोळखी नाहीं. मुंबईस शिवडी येथें १९२८ पासून १९५४ पर्यंत जनरल मोटर्स कंपनी या नांवाच्या गाड्या जोडीत असे.

अमेरिकेंत हे जुने ट्रक आजही हौसेनें राखले जातात. परंतु ज्या काळीं ते घडले त्या काळचे रस्ते व वेग आज राहिले नाहींत. म्हणून पुष्कळ मालक जुनी पेटी काढून बोर्ग-वॉर्नर कंपनीची टी-५ नांवाची पांच गिअरांची पेटी बसवितात. ही पेटी १९८२ सालीं मोटारींत येऊं लागली. शेव्हरोलेच्याच एस-१० या लहान ट्रकांतील टी-५ विशेष पसंत पडते. कारण तिची दांडी जुन्या ट्रकाच्या सलग बैठकीपुढें सोईच्या जागीं वर येते.

आतां गणित पाहूं. या ट्रकाच्या मागील आंसाचें प्रमाण ४.११ आहे, म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यास मधला दांडा ४.११ वेळां फिरावा लागतो. चाकाचा व्यास २८ इंच धरला तर एका फेऱ्यांत गाडी सुमारें ८८ इंच पुढें जाते. मैलाचे इंच ६३,३६०. त्यांस ८८ नीं भागिलें असतां ७२० फेरे येतात. ताशीं ६० मैल म्हणजे मिनिटास एक मैल. वरच्या गिअरांत एंजिन व दांडा बरोबरीनें फिरतात, म्हणून एंजिनाचे फेरे ७२० गुणिले ४.११, म्हणजे सुमारें २,९६० झाले. जें एंजिन ३,३०० फेऱ्यांवर आपली सारी शक्ति खर्च करितें, त्याला तासन्‌तास २,९६० फेऱ्यांवर राबविणें म्हणजे म्हाताऱ्या बैलास धांवण्याच्या शर्यतींत जुंपणें होय.

जुन्या पेटींत पहिल्या गिअराचें प्रमाण २.९४ होतें. एस-१० च्या एका प्रकारच्या पेटींत तें ४.०३ असतें. पांचव्याचें प्रमाण प्रकारागणिक निरनिराळें, पण एकाहून कमी असतें, आपण ०.८ धरूं. पुढें सांगितलेल्या कारणासाठीं मागील आंसही बदलावा लागतो. त्याचें प्रमाण ३.७३ धरूं. पूर्वीं पहिल्या गिअरांत एकंदर प्रमाण २.९४ गुणिले ४.११, म्हणजे सुमारें १२ होतें, आतां ४.०३ गुणिले ३.७३, म्हणजे सुमारें १५ झालें. म्हणजे चढावरील ओढ चतुर्थांशानें वाढली. आणि ताशीं ६० मैलांवर एंजिनाचे फेरे ७२० गुणिले ३.७३ गुणिले ०.८, म्हणजे सुमारें २,१५० वर उतरले. एंजिनाची शक्ति एक कणभरही न वाढवितां दोन्ही लाभ झाले.

आणखी एक लाभ आहे. जुन्या पेटींत दुसऱ्या व तिसऱ्या गिअरासच सिंक्रोमेशची सोय होती. पहिला गिअर गाडी चालूं असतां घालूं गेल्यास दांते करकरत. फिरणाऱ्या दोन भागांचा वेग आधीं घर्षणानें सारखा करून मग त्यांस जोडावें, ही सिंक्रोमेशची युक्ति. ती अर्ल थॉम्प्सन यांनीं शोधिली व कॅडिलॅक मोटारींत १९२८ सालीं प्रथम आली. टी-५ मध्यें पुढचे पांचही गिअर असे आहेत.

येथवर सर्व गोड आहे. आतां ट्रकाखालीं वांकून पाहूं. या ट्रकाचा मधला दांडा उघडा नाहीं. तो एका जाड नळींत बंद आहे. तिला टॉर्क-ट्यूब म्हणतात. तिचें पुढील टोंक गोळ्याच्या आकाराचें असून तें गिअर-पेटीच्या पाठीस बसतें. चाकें रस्त्यास मागें रेटतात तेव्हां गाडीस पुढें ढकलणारा जोर या नळींतूनच पेटीस व तेथून सांगाड्यास पोंचतो. नवी पेटी अशा रेट्यासाठीं घडलेली नाहीं व तिच्या पाठीस त्या गोळ्याची जागाही नाहीं. म्हणून नळी जाते. नळी गेली कीं जुना आंस निराधार होतो, म्हणून तोही जातो. आणि ज्याचा रेटा व पीळ कमानी स्वतः सोसतात असा उघड्या दांड्याचा आंस आणावा लागतो. आंस बदलला कीं हातब्रेकच्या तारा व ब्रेकची नळी नव्यानें जोडावी लागते. जुन्या चाकांस सहा बोल्ट होते. नव्या आंसास पांच असले तर एकच स्टेपनी पुढें व मागें चालत नाहीं. एक पेटी बदलावयास निघालों आणि अर्धा ट्रक बदलला! पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत शरीर व अवयव यांचा जो दाखला दिला आहे, त्याची आठवण आम्हांस अशा वेळीं होते.

यास्तव पाना हातीं घेण्यापूर्वीं मोजपट्टी हातीं घ्यावी. पेटीच्या पुढील दांड्यावरील खांचा मोजाव्या. क्लचच्या तबकडींत तितक्याच व त्याच मापाच्या खांचा पाहिजेत. दांड्याचें टोंक एंजिनाच्या ज्या लहान बुशांत शिरतें, तोही त्याच मापाचा पाहिजे. एंजिनामागील बेल-हाउसिंग जुनेंच ठेवून मध्यें जोड-पट्टी घालतात. ती घालतांना दोहोंचा मध्य तंतोतंत एक आहे कीं नाहीं हें तपासावें. तो किंचित्‌ चुकला तरी नवी पेटी थोडक्याच दिवसांत बेअरिंगें खाते.

काम करितांना पुढील नियम मोडूं नयेत. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी, चाकांस ओंडके लावावे, बॅटरीची तार सोडावी. सांगाडा भक्कम घोड्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणींही, क्षणभरही, शिरूं नये. जॅक हा उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. जॅक घसरला तर खालच्या माणसास ओरडण्यासही अवधि मिळत नाहीं. नवी पेटी सुमारें ७५ पौंड वजनाची असते. ती एकट्यानें छातीवर तोलण्यांत पुरुषार्थ नाहीं. दोघांनीं मिळून उचलावी. वरच्या दोन भोंकांत लांब दांडुके बसवून त्यांवरून ती पुढें सरकवावी, म्हणजे तिचा भार क्लचच्या तबकडीवर लोंबत नाहीं. पेटी शेवटचें बोटभर अंतर जात नसेल तर बोल्ट आवळून ती ओढूं नये, कान फुटतात. काय अडलें आहे तें शोधावें.

मागील दांड्याची लांबी ट्रक चाकांवर पूर्ण भार टाकून उभा असतांना मोजावी, व खड्ड्यांत आंस वरखालीं होतो म्हणून सुमारें पाऊण ते एक इंच मोकळीक ठेवावी. एका युनिव्हर्सल जॉइंटांतून कोनांत फिरणारा दांडा एका फेऱ्यांतच कांहीं वेळ जलद व कांहीं वेळ मंद फिरतो. दोन्ही टोंकांचे कोन सारखे ठेविले तर एकाचा दोष दुसरा भरून काढितो. न ठेविले तर सारी गाडी थरथरते. तेल पेटी करणारानें सांगितलेलेंच घालावें. पुष्कळ टी-५ पेट्यांस ऑटोमॅटिक गाड्यांचें पातळ तेल लागतें, जुनें दाट तेल नव्हे. स्पीडोमीटरचें लहान दांतेरी चाकही नव्या प्रमाणास जुळवावें, नाहीं तर कांटा खोटें बोलेल. प्रथम ब्रेक तपासावे. मग गाडी मैदानांत सावकाश चालवावी, आणि थोड्या फेरीनंतर सर्व बोल्ट पुन्हां आवळून पहावे.

जुनी पेटी, नळी व आंस यांस तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावें. सांगाड्यास शक्य तों कापूं नये. आज आपणांस जें निरुपयोगी वाटतें, तेंच पुढच्या मालकास मूळ रूप परत देण्यास लागेल. आणि कापलेलें लोखंड पूर्वींसारखें होत नाहीं.

पालकांस एक विनंति. मुलानें सायकल उघडली तर हात काळे झाले म्हणून रागावूं नका. त्यानें उघडण्यापूर्वीं काय मोजलें, एवढें मात्र विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, सुटींत हें करा. सायकलच्या पुढील व मागील दांतेरी चाकाचे दांते मोजा. पुढील संख्येस मागील संख्येनें भागा. त्यास चाकाच्या परिघानें गुणा. पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल किती पुढें जाते तें येईल. मग खडूनें जमिनीवर खूण करून तें प्रत्यक्ष ताडून पहा. उत्तर जुळलें नाहीं तर आधीं स्वतःची मोजणी तपासा, आणि शाळा उघडल्यावर वही आम्हांस दाखवा.